बहीण ख्रिस्ती विद्यापीठात जायचं म्हणते, वावर विकू का?

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारा भाऊ २९ वर्षांचा. वडील नाहीत. घरात आई आणि नुकतीच बारावी विज्ञानाची परीक्षा दिलेली बहीण. पाच एकर कोरडवाहू जमीन, पऱ्हाटी आणि सोयाबीन. कुटुंब बौद्ध. बहिणीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करायचं आहे. शाळेतल्या मॅडमच्या मदतीने तिने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका ख्रिस्ती लिबरल आर्ट्‌स विद्यापीठात अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. वर्षाचा एकूण खर्च ५१ हजार डॉलर, त्यात २० हजार डॉलर शिष्यवृत्ती. १ मेपर्यंत ३०० डॉलर डिपॉझिट भरायचं आहे. नियमावलीत चॅपलची, म्हणजे सामूहिक प्रार्थनासभेची हजेरी आणि बायबलचे दोन कोर्स सक्तीचे आहेत. भाऊ लिहितात : "आईले वाटते पोरगी धर्म बदलवून येईन. मामा म्हणतात जातीचा दाखला रद्द होते. एक एजंट म्हणतो दीड लाख द्या, उरलेली स्कॉलरशिपबी काढून देतो. दोन एकर विकलं तर २४ लाख येतीन. तिच्यासाठी विकू का? अन् बीएसारखंच शिकाचं असन तर नागपूर का वाईट?"

जय भीम, भाऊ.

दोन एकर विकायचा विचार आज बाजूला ठेवा. धर्माचं नंतर बोलू. आधी हिशेब, कारण तो तुम्ही एकाच वर्षाचा केला आहे.

५१ हजारांतून २० हजार गेले, ३१ हजार डॉलर उरले. डॉलर ९० रुपये धरला तर २७ लाख ९० हजार. म्हणजे दोन एकरांचे पैसे पहिल्याच वर्षाला पुरत नाहीत, आणि विमानाचं तिकीट यात धरलेलं नाही. पुढची वर्षं त्याहून जड जातात. फी दरवर्षी वाढते, शिष्यवृत्तीचा आकडा मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या पत्रातला तोच राहतो. खर्चात वर्षाला ४ टक्के वाढ धरा : तूट पहिल्या वर्षी ३१,०००, मग ३३,०४०, मग ३५,१६२, शेवटच्या वर्षी ३७,३६८ डॉलर. बेरीज १,३६,५७० डॉलर, म्हणजे सुमारे १ कोटी २३ लाख रुपये. पाचही एकर विकले तरी निम्मे होत नाहीत.

मुलं अडकतात ती बहुधा दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षाचे पैसे घरच्यांनी कसेबसे जमवलेले असतात, कारण विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या कागदासाठी आणि व्हिसासाठी पहिल्या वर्षाचेच दाखवावे लागतात. दुसऱ्या वर्षी फी थकली की विद्यापीठ पुढच्या सेमिस्टरची नोंदणी रोखतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटची नोंदणी हवी. ती नसेल तर तिथे राहण्याचा हक्कच जातो, आणि थकबाकी असल्यामुळे गुणपत्रिकाही अडकू शकते. मग मुलगी कर्ज घेऊन, पण पदवी न घेता परत येते. मला भीती आहे ती याची. धर्मापेक्षा कितीतरी जास्त.

आता वावराचं. "तिच्यासाठी विकू का" या प्रश्नात वावर एकट्या तुमचं आहे असं गृहीत धरलंय. वडील गेल्यावर आई, तुम्ही आणि बहीण असे तीन वारस. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. पाच एकरांत तिचा सुमारे १ एकर २६ गुंठे. ताजा सातबारा आणि आठ-अ काढा, वारसांचा फेरफार झाला आहे का आणि तिचं नाव चढलं आहे का ते बघा. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, तेही तिथेच कळेल. ती शिकायला जावो न जावो, नाव चढवण्याचं काम आधी करा. आणि "तिला शिकवलं, आता वावरात वाटा नाही" असं बोलणं घरात निघत असेल तर ते आत्ताच थांबवा.

कर्जाचं म्हणाल, तर सरकारी बँकांची रीत अशी : ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत. गावातलं घर चालू शकतं, पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरत नाही, तो कर आकारणीचा उतारा आहे. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल आणि सनद मिळाली असेल, तर ती घेऊन शाखेत विचारा. परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, आणि हप्ते नंतर सुरू झाले तरी व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठीच आहे. इथे तिचा उपयोग नाही.

"तिथे काम करून फेडेल" असं कोणी सांगत असेल तर त्याचाही हिशेब करा. एफ-१ विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. मेस, ग्रंथालय, प्रयोगशाळेतली धुणीपुसणी अशी ही कामं. प्रत्यक्षात अभ्यास सांभाळून १० तास होतात. तासाला १० डॉलर धरले तर ३० आठवड्यांचे ३ हजार डॉलर. त्यातून पुस्तकं, फोन आणि थंडीचे कपडे निघतात. फी निघत नाही. कॅम्पसबाहेर चोरून काम केलं तर व्हिसा जातो. पदवीनंतर एक वर्ष, आणि जीवशास्त्रासारख्या विषयात आणखी दोन वर्षं तिथे काम करायची सोय आज आहे, पण हे नियम बदलतात. त्यांच्या भरवशावर कर्ज उचलू नका.

आता आईंच्या भीतीकडे येऊ. ती खोडून काढण्याआधी कागद नीट वाचा, कारण 'ख्रिस्ती विद्यापीठ' या नावाखाली फार वेगवेगळी ठिकाणं येतात. कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीच्या विद्यार्थ्याकडून तो ख्रिस्ती असल्याची अपेक्षा ठेवतं. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज आचरणाच्या करारावर सही घेतं. मिशिगनमधलं कॅल्विन विद्यापीठ इतर धर्मांच्या मुलांनाही घेतं. नोत्र दामसारख्या कॅथलिक विद्यापीठात धर्मशास्त्राचे कोर्स सक्तीचे, पण प्रार्थनेला जाणं ऐच्छिक. तुमच्या बहिणीचं विद्यापीठ यांपैकी कुठल्या जातकुळीचं आहे, हे प्रवेशाच्या पत्रातून कळत नाही. विद्यार्थी नियमावलीतून कळतं. ती पूर्ण वाचायला हवी, बहिणीने आणि मॅडमनी बसून.

बायबलचा कोर्स म्हणजे परीक्षेचा विषय. ग्रंथ कधी लिहिला गेला, कोणत्या काळात, त्याचे अर्थ कोणी कसे लावले यावर निबंध लिहायचे असतात. गुण मांडणीला मिळतात. तरी विषयाचा तपशील मागवून बघाच, कारण काही ठिकाणी 'माझी श्रद्धा' अशा धर्तीचा निबंधही लिहायला लावतात, आणि बौद्ध मुलीने तो आपल्या बाजूने प्रामाणिकपणे लिहिला तर गुण कापतात का, हे आधी विचारलेलं बरं.

चॅपल साधारण आठवड्यातून एक ते तीन वेळा, अर्ध्यापाऊण तासाचं. दारावर ओळखपत्र टेकवून हजेरी लागते. ठरावीक गैरहजेरी चालते, पुढे दंड किंवा ताकीद. आत गाणी, प्रार्थना, एखाद्याचं भाषण. सगळे उभे राहिले की उभं राहावं, गायलंच पाहिजे असं नसतं. कधी पवित्र भोजनाचा विधी असतो. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले असलेली ताटं ओळीतून फिरतात. तिने ताट न उचलता शेजारच्याकडे सरकवायचं. यात कुणाचा अपमान होत नाही, कारण श्रद्धा नसणाऱ्याने तो प्रसाद घेऊ नये अशी बहुतेक पंथांची स्वतःचीच शिकवण आहे. आणि बाप्तिस्मा हजेरी लावून कोणाचा होत नाही. तो स्वतः मागावा लागतो.

ती ज्या कागदावर सही करणार तो मात्र बारकाईने बघा. दारू-तंबाखू बंद, मुलामुलींच्या वसतिगृहात येण्याजाण्याच्या वेळा, लग्नाआधीच्या संबंधांना मनाई, हे साधारण सगळीकडे असतं आणि त्यावर आईंना आनंदच होईल. पण त्याच कागदात "मी अमुक श्रद्धा मानते" असं वाक्य असेल तर न मानता सही करू नये. खोटी सही करून चार वर्षं राहणं कठीण असतं, आणि २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीला ते बोचत राहील.

ओढ लागते ती वेगळ्या वाटेने. अशा विद्यापीठात परदेशी मुलांना गावातलं एखादं कुटुंब जोडून देतात. ते लोक विमानतळावर घ्यायला येतात, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावतात, जुना कोट देतात, रविवारी आपल्या गाडीतून चर्चलाही नेतात. बहुतेक जण हे मनापासून करतात. एकट्या मुलीला त्यांची माया लागणारच. त्यात कपट शोधू नका, पण बहिणीशी आधीच मोकळं बोला : चर्चला 'नको' म्हणता येतं, आणि नको म्हटल्यावर जेवणाचं बोलावणं थांबत असेल तर त्या घराची पारख तिथेच होते.

आणि एक, आईंना तुम्हीच सांगू शकाल असं. येवल्याला १९३५ साली घोषणा केल्यानंतर बाबासाहेबांनी एकवीस वर्षं वेगवेगळे धर्म पारखले, त्यात ख्रिस्ती धर्मही होता, आणि मग १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारला. ज्या घराने हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आपला मानला, त्या घरच्या मुलीने दुसऱ्याचा ग्रंथ वाचला तर धम्म पातळ होत नाही. ती प्रश्न विचारायला शिकली असेल तर चॅपलमध्येही विचारेल. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही आलेलं नाही. तिला चॅपलबद्दल काय वाटतं, कर्जाबद्दल काय वाटतं, हे आईंसमोर बसून विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

मामांच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. ख्रिस्ती संस्थेत शिकल्याने जातीच्या दाखल्याला काहीही होत नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरच तो जातो. कॉलेजच्या नावाने जात नाही. नाहीतर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या विदर्भातल्या कितीतरी पिढ्यांचे दाखले गेले असते. १८८३ साली स्कॉटिश मिशनने काढलेलं ते कॉलेज आहे.

"बीएसारखंच" हा मात्र गैरसमज. या विद्यापीठांत जीवशास्त्र, रसायन, गणित, संगणक सगळं असतं. साधारण १२० क्रेडिटची चार वर्षांची पदवी. त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भाग इतिहास, तत्त्वज्ञान, लेखन, धर्मशास्त्र अशा सर्वांना सक्तीच्या विषयांचा, आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा. वर्ग लहान, शिक्षक नावाने ओळखतात, दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम मिळू शकतं. हे खरंच मोलाचं आहे. उणी बाजू अशी की लहान ठिकाणी संशोधनाची यंत्रं मोजकी असतात, आणि सिकलसेलसारख्या विषयावर तिथे कोणी काम करत असेलच असं नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकांची यादी काढून प्रत्येकाचा विषय वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

विद्यापीठाची मान्यता तपासायला त्याहून कमी वेळ लागतो. मध्य-पश्चिमेतल्या बहुतेक विद्यापीठांना हायर लर्निंग कमिशनची मान्यता असते. अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधा. केवळ धर्मप्रशिक्षण देणाऱ्या काही संस्थांना ही मान्यता नसते, आणि मग इथे परतल्यावर पदवीची समकक्षता मिळवताना अडतं. एजंटला एक रुपयाही देऊ नका. शिष्यवृत्ती विद्यापीठ ठरवतं, पैसे घेऊन कोणी ती 'काढून' देत नाही. डिपॉझिट भरायचं झालं तर विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरूनच.

राहण्याच्या काही गोष्टी माहितीपत्रकात सापडत नाहीत. नाताळात तीन-चार आठवडे वसतिगृह आणि मेस बंद असू शकतात. तेव्हा कुठे राहायचं, किती पैसे लागतात? अशी गावं लहान, बस नसते, किराण्याला कोणाच्या तरी गाडीतून जावं लागतं. खोलीत शेगडी चालत नाही, मजल्यावर एक सामायिक स्वयंपाकघर असतं. तिखट-मसाला सोबत न्यावा, जाड कोट मात्र तिथेच घ्यावा, आपल्याकडचा उणे २० अंशांना पुरत नाही. आरोग्यविमा सक्तीचा असतो, पण दात आणि डोळे त्यात बहुधा येत नाहीत. ते इथेच तपासून घ्या.

आता नागपूर. वाईट तर नाहीच. तिच्या ध्येयासाठी कदाचित तीच सरळ वाट आहे. इथे बी.एस्सी. करायची, अनुदानित तुकडी मिळाली तर फी हजारांत राहते, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळाल्यास राहण्याजेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. सिकलसेलचे रुग्णही इथेच आहेत. सरकारी परदेश शिष्यवृत्त्या पुढच्या पायरीवर मिळतात : राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच. तिच्या आत्ताच्या प्रवेशाला त्यांचा उपयोग नाही. केंद्राच्या योजनेला पदवीत किमान ६० टक्के, वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. दोन्ही योजना जागतिक क्रमवारीतली वरची विद्यापीठं मागतात, म्हणून पुढे निवड करताना ती क्रमवारी बघावी लागेल.

अमेरिकेत पदवीच करायची तिची जिद्द असेल तर एक वर्ष थांबून पूर्ण मदत देणाऱ्या ठिकाणी अर्ज करता येतात. केंटकीतलं बेरिया कॉलेज ख्रिस्ती परंपरेचंच, तरी शिकवणी फी घेत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास काम देतं. परदेशी मुलांच्या जागा थोड्या आणि स्पर्धा कडक असते. अशा अर्जांचा हंगाम साधारण दिवाळी ते संक्रांत. एक सावधगिरी : इथे पदवीला प्रवेश घेतला की तिथे बदली विद्यार्थी धरतात आणि नव्या मुलांसाठीची मोठी शिष्यवृत्ती बहुधा हातची जाते. म्हणून थांबायचं की नागपूरला नाव घालायचं हे बारावीच्या निकालाच्या वेळीच ठरवावं लागेल.

आत्ता करायचं काम म्हणजे एक ईमेल. बहिणीने स्वतः, स्वतःच्या नावाने, परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेश अधिकाऱ्याला लिहावा. तिने विचारावं : शिष्यवृत्ती चारही वर्षं मिळेल का आणि किती गुणांच्या अटीवर? फी वाढली तर ती वाढेल का? घरची परिस्थिती पाहून मदतीचा फेरविचार होईल का? बौद्ध विद्यार्थ्याला कोणत्या कागदावर सही करावी लागते, चॅपलमधून सूट मिळते का? नाताळात राहायची सोय काय? व्हिसा नाकारला तर डिपॉझिट परत मिळतं का? प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर शिष्यवृत्ती टिकते का? आणि सध्या शिकणाऱ्या दोन परदेशी विद्यार्थ्यांशी, त्यातला एक तरी ख्रिस्ती नसलेला, बोलणं करून द्याल का? सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा. उत्तर लेखीच मागा.

फेरविचारानंतर वर्षाची तूट ५ हजार डॉलरच्या आत आली तर चार वर्षांचे साधारण १८ लाख होतात. काही कर्ज, काही तिची कमाई, असा मार्ग निघू शकतो, आणि मग व्हिसाच्या तयारीला लागा : सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसा फी १८५ डॉलर, भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर आकडे पुन्हा बघा. सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुलाखत मुंबईत, दोन-चार मिनिटांची. तूट त्यापेक्षा जास्त राहिली तर माझं मत स्पष्ट आहे, नाही म्हणा. २० हजारांची मदत एकदम ४६ हजारांवर जाणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं, म्हणून नागपूरची तयारी ईमेलचं उत्तर यायच्या आधीच सुरू ठेवा.

१ मेपर्यंत उत्तर आलं नाही तर डिपॉझिट घाईने भरू नका. मुदत दोन आठवडे वाढवून मागा. आर्थिक मदतीचं उत्तर बाकी आहे एवढं कारण पुरतं आणि ते बहुधा मान्य होतं.